आपोआप कापली जाणारी वर्गणी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मोबाइलमधून अ‍ॅप काढून टाकले की वर्गणी बंद होते, हा सर्वांत पसरलेला आणि सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे. सबस्क्रिप्शनची नोंद कंपनीकडे असते आणि पैसे कापण्याची परवानगी, म्हणजे मँडेट, बँकेकडे. अ‍ॅप गेले तरी दोन्ही कायम राहतात. ‘एका रुपयात सात दिवस’ अशा योजनेत पिन टाकताच हेच मँडेट दिले जाते. त्या पडद्यावर दिसणारी कमाल रक्कम आणि मुदत पिन टाकण्याआधीच वाचली पाहिजे, कारण चाचणीचे दिवस संपले की त्या मर्यादेपर्यंत पैसे कापले जाऊ शकतात.

दर वेळी ओटीपी येईल, ही समजूतही चुकीची आहे. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2019 च्या नियमांनुसार ओटीपी किंवा पिन नोंदणीच्या वेळी लागतो. पुढचे ठरावीक मर्यादेपर्यंतचे हप्ते त्याशिवाय जातात. ही मर्यादा सुरुवातीला 2,000 रुपये होती, जून 2022 मध्ये ती 15,000 झाली. विमा हप्ता, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाच्या बिलासाठी डिसेंबर 2023 पासून ती एक लाख आहे. ओटीपीऐवजी ग्राहकाला दिलेले संरक्षण म्हणजे किमान 24 तास आधीची सूचना. तिच्यात कंपनीचे नाव, रक्कम आणि तारीख असते, आणि तेवढा एक व्यवहार किंवा संपूर्ण मँडेट नाकारता येते. जाहिरातींच्या गर्दीत हा मेसेज सहज हरवतो, म्हणून नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर चार दिवस आधीच नोंदवणे शहाणपणाचे. फास्टॅगच्या स्वयंचलित भरण्याला मात्र ऑगस्ट 2024 पासून या पूर्वसूचनेतून सूट आहे. पुणे रस्त्यावर नेहमी ये-जा करणाऱ्या सोलापूरकरांनी हे ध्यानात ठेवावे.

यूपीआय अ‍ॅपच्या ऑटोपे विभागातून मँडेट रद्द केले की पैसे जाणे थांबते. कंपनीशी झालेला करार मात्र त्याने संपत नाही. जिम किंवा इंटरनेटचा वार्षिक करार असेल तर थकबाकी मागितली जाऊ शकते. म्हणून आधी कंपनीकडे सेवा रद्द करावी, त्याचा ईमेल जपावा आणि मग मँडेट काढावे. आधी रद्द केल्यास भरलेले पैसे बुडतात, ही भीतीही बहुधा निराधार असते: बऱ्याच सेवा भरलेल्या मुदतीच्या शेवटापर्यंत चालू राहतात.

दर ठरलेला असतो, घासाघीस होत नाही, असेही मानले जाते. पण रद्द करण्याच्या टप्प्यावर अनेक कंपन्या स्वतःहून सवलत पुढे करतात. गल्लीतल्या केबलवाल्याकडे किंवा जिमचालकाकडे तर मुदत संपण्याआधी थेट विचारता येते. सवलत किती महिन्यांची आणि त्यानंतर दर काय, हे लेखी घ्यावे.

कंपनी बेंगळुरूची असेल तर तक्रारही तिथेच करावी लागते, हा शेवटचा गैरसमज. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते, म्हणजे सोलापूरच्या रहिवाशाला सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही. वर्गणी रद्द करणे मुद्दाम अवघड ठेवणे ही 30 नोव्हेंबर 2023 च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार अनुचित प्रथा ठरते. त्यासाठी 1915 ही हेल्पलाइन आहे. मँडेट रद्द करूनही पैसे कापले गेल्यास बँकेकडे लेखी तक्रार करावी आणि 30 दिवसांत दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे.