उसाची पहिली खेप

बारामती-इंदापूरच्या बागायत भागात नव्या ट्रकचालकाची एकट्याची पहिली खेप पुष्कळदा उसाची असते. श्रोतेहो, गाडी फडात घालण्यापूर्वी त्याने पायी फिरून यावे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने भिजलेली काळी जमीन रिकामी गाडी झेलते. भरलेली रुतते, बरं का! बाहेर पडायची वाट आधी पाहावी, मगच मोळ्या भरू द्याव्यात. उंच भार वळणावर कलतो. दोर स्वतः ओढून पाहावा. गाडी अडली, तर नुकसान शेतकऱ्याचे. तोडलेला ऊस वाळून वजन घटते, साखरही उतरते. माळेगाव वा भवानीनगरच्या काट्यावर भरल्या गाडीच्या वजनातून रिकामीचे वजा होते. उरेल त्याचेच पैसे. म्हणून निघताना घाई नको आणि वाटेत खोळंबा नको.