अनुदानाची सनद आणि परीक्षेचा अंमल

काशीच्या संकठा घाटाच्या एका अंगाला ग्वाल्हेरच्या शिंद्यांचा घाट आहे आणि दुसऱ्या अंगाला, गंगामहालाच्या पलीकडे, नागपूरकर भोसल्यांचा. या पाषाणबद्ध पायऱ्यांच्या पाठीमागे संकठादेवीच्या गल्लीतून चौखंब्याकडे जो दाट वस्तीचा मुलूख पसरला आहे, त्याच चौखंब्यात एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात भारतेंदु हरिश्चंद्रांनी पदरमोड करून मुलांसाठी शाळा काढली. पुढे १८८२ साली हंटर आयोगापुढे शिक्षणाविषयी साक्ष देण्याचा मान याच भारतेंदूंना मिळाला. घाट, धर्मशाळा आणि अन्नछत्र यांच्याप्रमाणे शाळा हेही दात्याने करावयाचे पुण्यकर्म, अशी या नगरीची जुनी धारणा. आणि दात्याने उभारलेल्या शाळेचा नित्य खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न त्या धारणेच्या पोटातूनच जन्मला. उत्तर प्रदेशातील माध्यमिक शिक्षणाचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास मुख्यतः या एका प्रश्नाला दिलेल्या उत्तरांचा इतिहास आहे.

काशीतील नामांकित विद्यालयांची परंपरा पाहिली तरी हे ध्यानात येते. जयनारायण घोषाल यांनी १८१८ मध्ये मिशनऱ्यांच्या हाती सोपविलेली शाळा, १८५४ ची बंगाली टोला शाळा, ॲनी बेझंट यांच्या पुढाकाराने १८९८ मध्ये निघालेले सेंट्रल हिंदू कॉलेज व त्याची शाळा, या साऱ्या संस्था कोणा धनिकाच्या, समाजाच्या किंवा ध्येयनिष्ठ मंडळींच्या बळावर उभ्या राहिल्या. १८५४ च्या वुड यांच्या खलित्याने सहायक अनुदानाचे तत्त्व स्वीकारले, त्यातही अभिप्रेत व्यवस्था हीच होती की, शाळा लोकांनी चालवावी आणि सरकारने तपासणी करून खर्चाचा काही भार उचलावा.

या विद्याक्षेत्रात मराठी माणसाचा वाटाही लहान नाही. पुण्यात जन्मलेले बापूदेव शास्त्री १८४२ पासून बनारसच्या सरकारी संस्कृत महाविद्यालयात गणित शिकवीत होते आणि त्यांनी बीजगणिताचा ग्रंथ हिंदीत रचला; काशीत जन्मलेले बाबूराव विष्णु पराडकर ‘आज’चे संपादक म्हणून हिंदी वृत्तपत्रसृष्टीचे आचार्य ठरले. ब्रह्माघाट व दुर्गाघाट या परिसरातील मराठी घराण्यांनी घरची भाषा घरी राखली आणि शाळेची हिंदी आपली मानली. आजही प्रांताच्या परीक्षा मंडळाच्या भाषाविषयांत मराठीला स्थान आहे. परंतु त्रिभाषा सूत्राच्या अंमलबजावणीत तिसऱ्या भाषेची जागा बहुतेक शाळांनी संस्कृतला दिली आणि मातृभाषेतील शिक्षणाची सोय सांगणारे राज्यघटनेचे ३५०-अ हे कलम प्राथमिक पायरीवरच थांबते. कागदावरचा विषय वर्गात यावयाचा तर शिक्षक हवा, आणि शिक्षक हवा तर त्याच्या तनख्याची तजवीज हवी. भाषेचा प्रश्नही अखेर तेथेच येऊन ठेपतो.

१९२१ च्या इंटरमीडिएट शिक्षण अधिनियमाने अलाहाबादेस मंडळ स्थापन झाले आणि १९२३ मध्ये त्याने पहिली परीक्षा घेतली. तोवर विद्यापीठाकडे असलेले काम या मंडळाकडे आले. आज दहावी व बारावी मिळून दरसाल पन्नास लाखांहून अधिक परीक्षार्थी या मंडळाकडे नोंदले जातात. काशीतील त्याचे प्रादेशिक कार्यालय १९७८ चे आहे. अभ्यासक्रम, मान्यता व परीक्षा सरकारच्या हाती आणि शाळेचा कारभार खाजगी प्रबंध समितीच्या हाती, अशी ही विभागणी होती. शिक्षकाची नेमणूक समिती करी, वेतनही तीच देई, आणि पूर्ण रकमेच्या पावतीवर सही घेऊन प्रत्यक्षात कमी पैसे हातावर ठेवण्याची तक्रार सर्वत्र ऐकू येई.

या दुखण्यावर १९७१ च्या वेतन-प्रदान अधिनियमाने जो उपाय केला, तो बारकाईने पाहण्यासारखा आहे. प्रत्येक अनुदानित शाळेने वेतनासाठी बँकेत स्वतंत्र खाते उघडावे. फीच्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा त्यात भरावा. उरलेली तूट सरकारने भरून काढावी. खात्यावरील व्यवहार व्यवस्थापकाचा प्रतिनिधी आणि जिल्हा विद्यालय निरीक्षक यांच्या संयुक्त सहीने व्हावा आणि व्यवस्थापक अडवणूक करील तर निरीक्षकाने एकट्याच्या सहीने तो करावा. ३१ मार्च १९७१ नंतरच्या वेतनाचे दायित्व सरकारने शिरावर घेतले. एका खात्यावरील दोन सह्यांच्या या साध्या तरतुदीने हजारो कुटुंबांची चूल नियमित पेटू लागली आणि शिक्षकाला व्यवस्थापकाच्या मर्जीपासून प्रथमच मोकळीक मिळाली. स्वातंत्र्योत्तर काळातील शिक्षणविषयक कायद्यांत मी या कायद्याला फार वरचे स्थान देतो.

दुर्दैव असे की, पंधरा-सोळा वर्षांतच सरकारने या जबाबदारीतून अंग काढून घेण्यास आरंभ केला. १९८७ च्या दुरुस्तीने १९२१ च्या मूळ अधिनियमात जी कलमे घातली गेली, त्यांचा परिणाम ऑक्टोबर १९८६ पासून धरण्यात आला. त्यांच्या आधारे शाळांना अनुदानाविना मान्यता मिळू लागली आणि व्यवस्थापनाने स्वतःच्या साधनांतून ‘अंशकालिक’ शिक्षक नेमावे, असे ठरले. तिकडे या शाळांना ‘वित्तविहीन’ म्हणतात. तेथील शिक्षक दिवसभर शिकवितो, मंडळाची परीक्षा घेतो, तिच्या उत्तरपत्रिका तपासतो आणि तरीही कायद्याच्या दृष्टीने अंशकालिकच राहतो. लोकसंख्या वाढली, शिक्षणाची भूक वाढली, तेव्हा ती भागविण्याचा भार या शाळांवर टाकण्यात आला आणि १९७१ ची सनद जुन्या शाळांपुरती उरली.

खजिन्याचा हात आखडला, परीक्षेचा हात मात्र अधिकाधिक कठोर होत गेला. १९९२ च्या नकलविरोधी कायद्याने परीक्षेतील गैरप्रकार हा अजामीनपात्र गुन्हा ठरविला आणि त्या वर्षी हायस्कूल परीक्षेत शंभरांपैकी सुमारे पंधराच मुले उत्तीर्ण झाली. पुढे तो कायदा निवडणुकीतील प्रचाराचा विषय झाला आणि नव्या सरकारने तो रद्द केला. २०१८ मध्ये परीक्षा केंद्रांवर कॅमेऱ्यांचा पहारा बसला, तेव्हा दहा लाखांहून अधिक मुलांनी परीक्षेकडे पाठ फिरविली. परीक्षा शुद्ध असलीच पाहिजे. तिच्यातील अप्रामाणिकपणाचे समर्थन कोणीही करू नये. परंतु एवढी मुले परीक्षेस बसण्याचे धैर्यच करू शकत नाहीत, याचा अर्थ वर्षभर त्यांच्या वर्गात शिक्षणच पोहोचले नव्हते, आणि तो दोष पहाऱ्याने दूर होत नाही.

अनुदानित शाळांतही शिक्षकाची खुर्ची दीर्घकाळ रिकामी राहते. नेमणुकीतील वशिलेबाजी थांबविण्यासाठी १९८२ मध्ये निवड मंडळाचा कायदा झाला. निवड लांबली म्हणून तदर्थ नेमणुका झाल्या, त्या न्यायालयात गेल्या आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयास त्यांत लक्ष घालावे लागले. आता २०२३ च्या कायद्याने नवा शिक्षण सेवा निवड आयोग आला आहे. या आयोगाने वेळेवर निवड केली नाही, तर केवळ पाटी बदलल्यासारखे होईल.

महाराष्ट्राने या कहाणीकडे परक्याची म्हणून पाहू नये. २००० मधील शिक्षणसेवक योजना, २००१ चे ‘कायम विनाअनुदानित’ धोरण, २००९ मध्ये त्यातून गळालेला ‘कायम’, टप्पा अनुदानासाठी आझाद मैदानावर बसणारे शिक्षक आणि अखेर स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा २०१२ चा अधिनियम, हा सारा प्रवास गंगाकाठच्या त्याच वाटेने झाला आहे. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा चौदाव्या वर्षी थांबतो. नववीत पाऊल टाकणारे मूल, ज्या वयात गरिबाचे घर त्याच्याकडे कमावता हात म्हणून पाहू लागते नेमक्या त्याच वयात, त्या हक्काबाहेर पडते. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने २०३० पर्यंत माध्यमिक शिक्षण सर्वांपर्यंत नेण्याचा संकल्प सोडला आहे; परंतु संकल्पाला अंदाजपत्रकातील रकमेचे उदक लागते.

म्हणून माझे निवेदन एवढेच आहे की, जे सरकार आपल्या मुद्रेने प्रमाणपत्र देते, त्याने ते प्रमाणपत्र मिळवून देणाऱ्या प्रत्येक शिक्षकाच्या वेतनाची हमीही घ्यावी. अंशकालिक ही संज्ञा जो खरोखर अर्धवेळ शिकवितो त्याच्यापुरतीच ठेवावी. रिक्त पद एका शैक्षणिक वर्षाच्या आत भरण्याचे बंधन कायद्यातच घालावे. आणि शिक्षणाचा हक्क बारावीपर्यंत वाढवावा. खर्च मोठा आहे, हे खरे. पण भारतेंदूंसारख्या एका गृहस्थाने जो भार आपल्या मिळकतीतून उचलला, तो कोट्यवधींचा महसूल गोळा करणाऱ्या राज्यास पेलणार नाही, हे मान्य करण्यास मी तयार नाही.