आत्याबाईंचा कोंडा

परवा मांडवीकडे गेलो असता एका दुकानी चकचकीत पिशवीत भरलेला तांदळाचा कोंडा विक्रीस ठेवलेला दिसला. भाव विचारला आणि चपापलो; तो तांदळाहून अधिक होता! आमच्या घरी हाच कोंडा गाईच्या आंबोणात जाई, आणि उरला तर आत्याबाईंच्या ताटात.

आत्याबाई बालविधवा. उखळात तांदूळ सडून झाले की पांढरेशुभ्र तांदूळ आम्हां मुलांसाठी. तांबूस कोंडा त्या चाळून लगेच तव्यावर भाजून ठेवीत आणि कण्यांच्या पिठात मिसळून भाकरी थापीत. "न भाजता ठेवला तर उद्या खवट होईल रे," असे म्हणत.

या कोंड्याची थोरवी जगाला कोंबड्यांमुळे कळली. जावा बेटावरील बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, १८९० च्या सुमारास डच डॉक्टर आइकमान यांच्या प्रयोगशाळेतील कोंबड्यांचे पाय लुळे पडू लागले. त्यांना लष्करी इस्पितळातला पांढरा भात मिळत असे. पुढे नवा स्वयंपाकी आला. लष्करी भात मुलकी कोंबड्यांना का द्यावा, म्हणून त्याने तो बंद केला. कोंबड्या कोंड्यासकट तांदळावर आल्या आणि बऱ्या झाल्या! बेरीबेरीच्या रोगावरचा उतारा कोंड्यात आहे, हे त्यातून हळूहळू उलगडले. १९२६ साली यान्सेन व डोनाथ यांनी जावातच कोंड्यातून त्याचे शुद्ध स्फटिक मिळवले. तेच ब-१ जीवनसत्त्व. आइकमान यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

आज कारखान्यांत कोंड्याचे तेल काढतात. त्यातील ओरायझॅनॉल हे द्रव्य रक्तातील कोलेस्टेरॉल उतरविण्यास मदत करते, असे प्रयोगांत आढळले आहे. मात्र ते मिळविणे सोपे नाही. तांदूळ सडताच कोंड्यातील लायपेज नावाचे विकर तेलाचे विघटन करू लागते आणि कोंडा खवटतो. म्हणून तो ताबडतोब तापवून ते विकर निकामी करावे लागते. पुढे तेल क्षाराने शुद्ध केले, तर ओरायझॅनॉलचा मोठा भाग साबणाच्या गाळाबरोबर निघून जातो. तो राखायचा तर वाफेच्या साहाय्याने तेल शुद्ध करावे लागते.

तापविण्याचे हे प्रकरण वाचले आणि आत्याबाईंचा तवा डोळ्यांपुढे उभा राहिला. त्यांना विकर ठाऊक नव्हते. वाट्याला आलेले वाया जाऊ नये, एवढेच ठाऊक होते.

"आत्याबाईंना कोंडाच आवडतो," असे घरात सगळे म्हणत. मीही म्हणत असे. एकदा त्यांच्या पानात पांढरा भात वाढून पाहावा, हे कोणाला सुचले नाही. १९६३ साली त्या गेल्या.

आता डॉक्टरांच्या सांगण्यावरून सूनबाई माझ्या भाकरीत मुद्दाम कोंडा घालते. भाकरी चवीला वाईट नसते. पण पहिला घास घशाखाली उतरायला अंमळ वेळ लागतो.