मासा ओळखा, मग आमिष लावा

पाऊस पडला, की ऊर्ध्व वर्धा धरणाच्या काठावर आणि पूर्णेच्या डोहांवर गळ टाकणारे दिसू लागतात. एकाला मासा लागतो, शेजारचा मात्र रिकाम्या हाताने परततो. यात नशिबापेक्षा आमिषाचा वाटा मोठा असतो.

कटल्याचे तोंड वर वळलेले असते, कारण तो पाण्याच्या वरच्या थरात चरतो. रोहू मधल्या थरात, तर मृगळ तळाशी खातो. म्हणून कणकेची गोळी तीच असली, तरी ती किती खोल सोडायची हे माशागणिक बदलते. शिंगाळ्याच्या मिशांना चव कळते. त्यामुळे गढूळ पाण्यात किंवा अंधारातही तो गांडूळ शोधून काढतो. मरळ मात्र शिकारी आहे. हलणाऱ्या वस्तूवर ती झडप घालते, म्हणून तिच्यासाठी जिवंत वाटणारा रबरी बेडूक चालतो. हवेतील प्राणवायू घेण्यासाठी ती वर येते, तेव्हा तिची जागा कळते.

खबरदारी इथेच हवी. पावसाळ्यात मरळीची जोडी अंडी आणि तांबूस पिल्लांचा थवा राखत असते. त्या वेळी बेडकावरची झडप भुकेची असतेच असे नाही. बऱ्याचदा ती राखणीची असते. राखणदार मासा उचलला, की पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात. एका मरळीपायी पुढच्या हंगामाच्या कित्येक मरळी जातात. पृष्ठभागावर पिल्लांचा थवा दिसला, तर गळ दुसरीकडे टाकावा. धरणावर बसण्यापूर्वी तेथील मच्छीमार संस्थेची परवानगीही घ्यावी.