साकु!

परसात चार गावठी कोंबड्या होत्या. घरापुरती अंडी मिळत. पण शनिवारच्या बाजारात पाटीखालची चिवचिव ऐकली, की माझे पाय अडखळत. 'आणखी दोनच' म्हणत बेंगळूरच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेल्या गिरिराजाची पिलंही आणली. गावठी कोंबडी खुडुक बसली, की एकवीस दिवसांनी आणखी भर. वर्षभरात चाराच्या चौदा झाल्या. खुराडं मात्र तेवढंच.

मग बाजारातून आणलेल्या दोन तलंगा मी थेट त्यांच्यात सोडल्या. आठवड्यात हिरवी हगवण, वाकड्या माना. मानमोडी! लस द्यायची राहिली होती. नऊ कोंबड्या गेल्या. नवं पाखरू दोन-तीन आठवडे वेगळं ठेवायचं असतं, हे मला ठाऊक होतं. पण वेगळं ठेवायला जागाच उरली नव्हती.

शेजारच्या अज्जी कुंपणापलीकडून एवढंच म्हणाल्या, "साकु, मेष्ट्रे."

कन्नडमध्ये 'साकु' म्हणजे पाळणे, आणि 'साकु' म्हणजे पुरे. दोन्ही अर्थ लहानपणापासून माहीत होते. ते एकत्र कळायला नऊ कोंबड्या लागल्या.

आता परसात पाच आहेत. शनिवारी पाटीपाशी पाय अजूनही अडखळतात.