पादचाऱ्याची प्रतीती आणि चालण्याची इच्छा

रस्त्यावरून किती माणसे पायी जातात हे मोजणे सोपे आहे. त्यांपैकी किती स्वेच्छेने चालतात हे ठरविणे कठीण. हा भेद ध्यानात न घेतल्यास पादचाऱ्यांविषयीचे संशोधन चुकीच्या निष्कर्षास पोहोचते.

२०११ च्या जनगणनेनुसार शेती व गृहोद्योग वगळता उरलेल्या कामकऱ्यांपैकी सुमारे २३ टक्के लोक कामावर पायी जात होते. ही संख्या पदपथांविषयीच्या समाधानाची द्योतक मानता येत नाही. ज्यास वाहन परवडत नाही, तो वाईट रस्त्यानेही चालतोच. ज्यास पर्याय आहे, त्याचा निर्णय मात्र रस्ता त्यास कसा वाटतो यावर पुष्कळसा अवलंबून असतो.

रस्ता असणे आणि तो चालण्याजोगा वाटणे या निराळ्या गोष्टी होत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर सांगितली आहे. परंतु पादचारी सरासरी रुंदीवरून चालत नाही. वाटेत एकाच ठिकाणी उभ्या वाहनांमुळे भर रहदारीत उतरावे लागले, तर वृद्धाच्या लेखी सारी वाटच निरुपयोगी ठरते.

मारिएला अल्फोन्झो यांनी २००५ मध्ये चालण्याच्या गरजांची एक श्रेणी मांडली: शक्यता, सुगमता, सुरक्षितता, सोय आणि आनंद. साधारणतः आधीची गरज भागल्यावाचून पुढचीस महत्त्व येत नाही. म्हणूनच जेथे रस्ता ओलांडण्याची भीती वाटते, तेथे बाके आणि फुलझाडे फारशी उपयोगी पडत नाहीत. मुंबई महानगर प्रदेशात २००८ पासून उभारलेल्या उन्नत पादचारी मार्गांपैकी काही ओस राहिले, याचाही विचार या दृष्टीने करता येईल. वाहनांपासून संरक्षण मिळाले, तरी जिने चढण्याचे श्रम आणि निर्जनतेची धास्ती उरतेच.

यावरून अभ्यासपद्धतीविषयी एक गोष्ट निष्पन्न होते. पदपथावर उभे राहून केवळ चालणाऱ्यांस प्रश्न विचारले, तर ज्यांनी चालणे सोडले त्यांचे मत नोंदलेच जात नाही. त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी घरोघरी जाऊन पाहणी करावी लागेल, आणि सक्तीने चालणारे व स्वेच्छेने चालणारे यांची उत्तरे वेगळी तपासावी लागतील.

अन्यथा ओस पडलेला पदपथ अनावश्यक समजून तो अरुंद केला जाईल. आणि ज्या गैरसोयीने पादचारी दूर गेला, तीच त्याच्या अनुपस्थितीच्या आधारे वाढविली जाईल.