असली जीटीओ कोणती? कागद सांगेल

अमेरिकेत 1960च्या दशकातल्या दणकट इंजिनच्या गाड्यांना ‘मसल कार’ म्हणतात. आज त्यांचा शौक महागडा आहे, आणि सगळा झगडा असल-नकलचा.

पाँटियाक जीटीओचंच बघा. 1964 आणि 1965 साली जीटीओ हे वेगळं मॉडेल नव्हतंच. ल मान्स गाडीवर सुमारे 295 डॉलर जादा भरून घ्यायचं ते पॅकेज. त्यामुळे चासी नंबरावरून काहीच कळत नाही. साध्या ल मान्सवर बिल्ले लावले, 389 घनइंचाचं इंजिन बसवलं की झाली जीटीओ तयार! 1966पासून नंबर 242ने सुरू व्हायला लागला, तेव्हा ही पंचाईत मिटली.

आधीच्या गाडीला मात्र कागदच साक्षीदार. पाँटियाकच्या कारखान्याच्या बिलांच्या नोंदी शाबूत आहेत. पीएचएस नावाची संस्था पैसे घेऊन नक्कल देते. शेवरलेवाल्यांचं नशीब एवढं कुठलं? ते सीटच्या स्प्रिंगांत, पेट्रोल टाकीच्या वर हात घालून बिल्डशीट शोधतात, म्हणजे गाडी जोडताना कामगारांनी वापरलेला आणि तिथेच राहून गेलेला तक्ता. सापडला तरी त्यावरचा नंबर आधी जुळवून बघावा. कधी कधी तो भलत्याच गाडीचा निघतो.